दंडाला बांधलेलं ऑफिस

"दादा, रनिंग सुरू करतोय. गाणी ऐकायला काय घेऊ?" परवा कँटीनमध्ये आमच्या टीममधल्या एका पोराने विचारलं. मी म्हटलं, "फोन सोडून काहीही घे." टेबलावरचे सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारा जोक मारतोय. मग नेहमीचं वाक्य आलंच, "अहो, फोनमध्ये सगळं असताना वेगळा प्लेअर कोण घेतं आता?"

हे "फोनमध्ये सगळं आहे" प्रकरण माझ्या डोक्यात जातं. फोनमध्ये सगळं आहे म्हणूनच तो व्यायामाला नेऊ नये, असं माझं साधं सरळ म्हणणं आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. चहाचा ब्रेक पुरला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी एक कबुली. मी काही धावपटू वगैरे नाही. वय पन्नाशीला टेकलंय, दहा किलोमीटरला सव्वा तास लागतो, आणि तळजाईच्या चढावर काठी घेतलेले आजोबा मला ओव्हरटेक करतात. (वर हसतातही.) पण २००७ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, आठवड्यातले चार दिवस मी पहाटे बाहेर पडतो. हौस म्हणून नाही. वडिलांचा मधुमेह घरात वीस वर्षं जवळून पाहिला, आणि एकतिसाव्या वर्षी माझाही रिपोर्ट बॉर्डरवर आला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचं नंतर बघू, आधी चालायला लागा. तेव्हा हा एक तास माझ्या दृष्टीने औषध आहे, आणि त्यात कोण घुसतंय याबद्दल मी जरा हळवा आहे.

चालणं भयंकर कंटाळवाणं असतं हो. पहिल्या पंधरा दिवसांतच मी सुटायच्या बेतात होतो. त्याच सुमारास आमचा एक सहकारी ऑनसाईटहून परत येत होता. त्या काळी परत येणाऱ्या प्रत्येकाकडे आपण याद्या देत असू, तशी मीही दिली. त्याने आणला आयपॉड शफल. सेकंड जनरेशन, १ जीबी, वजन पंधरा-सोळा ग्रॅम, मागे कपड्यांच्या चिमट्यासारखी क्लिप. स्क्रीन नाही. पाच बटणं. टीशर्टच्या कॉलरला अडकवला की विसरून जायचं. मी आजपर्यंत विकत घेतलेल्या यंत्रांमध्ये इतकं प्रामाणिक यंत्र दुसरं नाही.

गाण्यांनी व्यायाम सोपा जातो याला संशोधनाचा आधार आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्तास कारागिओर्गिस या माणसाने वर्षानुवर्षं यावर काम केलंय. हलक्या ते मध्यम व्यायामात संगीताने 'किती दमलो' ही जाणीव साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची गाणी त्याला बरी पडतात. जीव तोडून पळायला लागलात की मात्र हा परिणाम ओसरतो, कारण मग शरीराची बोंब गाण्यापेक्षा मोठी होते. आणि गाण्याचा ठेका पायांना धरून असेल तर सोन्याहून पिवळं. १९९८ साली बर्मिंगहॅमला हेले गेब्रसेलासीने २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा त्याने स्टेडियमच्या स्पीकरवर 'स्कॅटमॅन' लावायला सांगितलं होतं. आपण काही गेब्रसेलासी नाही, पण ठेका त्याच्या पायांना जसा लागतो तसाच आपल्याही लागतो.

म्हणजे व्यायामाच्या वेळचं संगीत हे एक हत्यार आहे, आणि हत्यार निवडताना कामापुरतं बघायचं असतं. हातात धरायला बरं आहे का, न बघता चालवता येतं का, आपल्यालाच इजा करत नाही ना.

जुन्या लोकांना हे कळत होतं. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ च्या जुलैत जपानमध्ये आला. त्याची बटणं चांगली जाडजूड होती, कमरेला अडकवलेल्या डब्यावर नुसत्या अंगठ्याने चाचपून दाबता येतील अशी. मग डिस्कमन आला आणि व्यायामाच्या दृष्टीने आपण मागे गेलो. धावलं की सीडी उड्या मारायची, म्हणून काही सेकंदांचं गाणं आधीच मेमरीत साठवायची सोय करावी लागली. १९९८ ला एमपीमॅन आणि डायमंड रिओ आले. मेमरी मोजून ३२ एमबी, म्हणजे १२८ केबीपीएसला जेमतेम अर्धा तास. पण आत हलणारा एकही भाग नाही! २००१ च्या पहिल्या आयपॉडचं आपण कौतुक करतो, पण त्यात फिरणारी हार्ड डिस्क होती. धक्के पचवायला ३२ एमबीचा बफर ठेवला होता, म्हणजे रिओची अख्खी मेमरी याने धक्के सोसायलाच वापरली. खिशासाठी झकास. उड्या मारणाऱ्या माणसासाठी मात्र खरा उपाय रिओच्या बाजूचा होता, आणि शफल त्याच घराण्यातला.

आता गंमत बघा. २००९ च्या मार्चमध्ये अ‍ॅपलने तिसऱ्या पिढीचा शफल काढला आणि त्यावरची बटणं काढून टाकली. सगळे कंट्रोल हेडफोनच्या वायरवर. पुढचं गाणं हवं, दोनदा दाबा. मागचं हवं, तीनदा दाबा. घामेजल्या बोटांनी, लटकणाऱ्या वायरवर! शिवाय तो रिमोट असलेलेच हेडफोन चालणार. दिसायला सुंदर होता, यात वाद नाही. दीड वर्षात, २०१० च्या सप्टेंबरमध्ये, चौथी पिढी आली आणि बटणं परत आली. लोकांना बटणांची उणीव भासली, हे स्टीव्ह जॉब्जने मंचावरून कबूल केलं. जॉब्जकडून बटणं परत मिळवणं ही माझ्या मते ग्राहकांच्या इतिहासातली मोठी लढाई आहे, पण तिचा धडा कुणी घेतला नाही. २०१७ च्या जुलैत शफल बंद झाला. २०२२ च्या मेमध्ये शेवटचा आयपॉडही गेला. आता दंडाला बांधायला उरली ती काचेची पाटी, तिच्यावर कामाचं बटण एकही नाही.

माझ्या शफलची बॅटरीही २०१७ मध्येच गेली. दहा वर्षं चालला, तक्रार नाही. मग मी चारचौघांसारखं केलं. दंडाला पट्टा आणि पट्ट्यात फोन.

आता नुसतं यंत्र म्हणून बघा. फोन पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा. तासाभराच्या जॉगिंगमध्ये नऊ-दहा हजार पावलं पडतात, म्हणजे एक हात हजारो वेळा हे जास्तीचं वजन घेऊन झुलतो आणि दुसरा मोकळा. टचस्क्रीन चालतो तो बोटाच्या विद्युत गुणधर्मावर, आणि घाम म्हणजे मिठाचं पाणी, वीज वाहून नेणारं. त्यामुळे ओल्या स्क्रीनला बोट कोणतं आणि थेंब कोणता हे कळत नाही. फिंगरप्रिंट लागत नाही. गाणं बदलायचं तर थांबा, हात पुसा, पट्ट्यातून फोन काढा, अनलॉक करा. चांगल्या डिझाइनरने हे 'व्यायामासाठी' म्हणून दाखवलं असतं तर आम्ही त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढलं असतं.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. खरी गोष्ट पुढे आहे.

एआरएआयची टेकडी, सकाळचे सहा वीस. गाणं अर्ध्यात बंद होऊन दंडावर थरथर सुरू झाली. प्रॉडक्शनच्या एका मशीनची डिस्क भरली होती. माझी ऑन-कॉलची पाळी नव्हती, पण ज्याची होती त्याला जुन्या लॉगची माहिती नव्हती, आणि मी "उठलेला असतो" हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका दगडावर बसून, घामाने निसटणाऱ्या स्क्रीनवर, मी पाऊण तास त्याला कमांड सांगत बसलो. शेजारून काठीवाले आजोबा दोनदा गेले. आणि हे एकदाच झालं असतं तर मी लिहिलंही नसतं. "तू सकाळी फोन उचलतोस" ही बातमी पसरली. मग परदेशातल्या टीमचे लोक, त्यांच्या संध्याकाळी, माझ्या पहाटे, "दोनच मिनिटं" म्हणून फोन करू लागले. नाही उचलला तरी नाव दिसायचं आणि पुढचे दोन किलोमीटर डोक्यात तेच. धावण्याची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप होतं, त्यात मी मधे किती वेळा थांबलो तेही साठायचं. पुढे एकदा बघितलं तर चाळीस मिनिटांत सहा-सहा थांबे. मग दिवस बुडायला लागले, मग आठवडे. त्या वर्षाआधी माझा एचबीएवनसी ५.८ होता, वर्षानंतर ६.३ आला.

फोनमुळे साखर वाढली असं मी म्हणत नाहीये. दोन आकडे एकत्र दिसले म्हणजे एकामुळे दुसरा, असं नसतं, हे आम्ही दिवसभर दुसऱ्यांना सांगत असतो. पण त्या वर्षी मी कमी धावलो, आणि कमी का धावलो ते मला नीट माहीत आहे. मी दंडाला ऑफिस बांधून टेकडीवर चढत होतो!

"अरे मग नोटिफिकेशन बंद कर ना." हे सांगणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. बंद करता येतात, मीही केली. तिसऱ्या दिवशी एक बँकेचा मेसेज हवा होता म्हणून चालू केली. ज्या यंत्रात काम, पैसे, बातम्या, भांडणं आणि गाणी एकत्र आहेत, तिथे गाण्यांसाठी हात घातला की बाकीचं हाताला लागणारच. युनिक्सवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की प्रोग्रॅमने एकच काम करावं आणि ते नीट करावं. आम्ही ते भिंतीवर लावतो, आणि धावायला जाताना अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम दंडाला बांधतो.

जास्तीच्या कामाचं काय होतं त्याचा एक किस्सा सांगतो. मायक्रोसॉफ्टचा ३० जीबीचा झून आठवतोय? ३१ डिसेंबर २००८ ला जगभरातले ते झून एकदम गोठले. आतल्या घड्याळाच्या कोडमध्ये एक लूप होता, दिवसांचा आकडा ३६५ च्या वर असेपर्यंत फिरणारा. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस आला आणि लूपला बाहेर पडायला दारच सापडेना. उपाय काय, तर बॅटरी संपू द्या आणि वर्ष बदलायची वाट बघा. आता मला सांगा, गाणी वाजवणाऱ्या डब्याला आज लीप वर्ष आहे की नाही हे कळायची गरज काय होती?

असो. कानांकडे वळू, कारण इथे माझं स्वतःचं नुकसान झालंय आणि ते भरून येणार नाही.

२०१९ मध्ये रात्री झोपताना डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. मला वाटलं इन्व्हर्टर. कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला, तर आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा. मोठ्या आवाजाने कान गेले की बहुधा याच पट्ट्यात आधी खड्डा पडतो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "रस्त्यावर कानात घालून चालता का?" त्यांचं म्हणणं अगदी इंजिनिअरी होतं. कानाच्या तोंडाशी बसणारे सैल इअरफोन, बाहेर बसचा आणि रिक्षांचा गोंगाट, म्हणून आपण आवाज वाढवतो. गोंगाट संपला तरी कमी करायचं विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सोपा आहे. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त चार तास. रोज तासभर असे चार दिवस धावलात की कोटा खलास. मग ऑफिसला जाता-येता जे ऐकता ते सगळं उधारीवर. आणि आतल्या कानातल्या त्या सूक्ष्म केसांच्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मग दुकानदार पुढे करतो बाहेरचा आवाज मारणारे नॉइज कॅन्सलिंग. आवाज कमी ठेवता येतो, कबूल. ट्रेडमिलवर जरूर घाला, जिममधल्या त्या भिकार रिमिक्सपासून सुटका होईल. पण आपल्या रस्त्यावर? पहाटेचा दुधाचा टेंपो, उलट्या बाजूने दिवा न लावता येणारी स्कूटर आणि पिसाळलेली चार कुत्री, हे तिन्ही आधी ऐकू येतात, मग दिसतात. निदान ऐकू यायला हवेत. अमेरिकेतल्या ट्रॅक अँड फील्ड संघटनेने २००७ मध्ये शर्यतींत असे प्लेअर वापरायला सरसकट बंदी घातली होती. लोक चिडले, आणि २००८ च्या शेवटी ती फक्त बक्षिसांसाठी धावणाऱ्यांपुरती उरली. त्यांचे रस्ते शर्यतीसाठी बंद केलेले असतात, तरी त्यांना काळजी वाटली. आपण चालू ट्रॅफिकमध्ये कान बंद करून पळतो.

म्हणून माझा नियम असा. रस्त्यावर आणि टेकडीवर कान उघडे. म्हणजे एकाच कानात इअरफोन, किंवा गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे बोन कंडक्शनवाले. (ते हाडातून जातात म्हणून कितीही मोठ्याने लावा, असा एक गैरसमज आहे. आवाज शेवटी त्याच आतल्या कानात पोचतो.)

आणि कृपा करून "मग मी स्पीकरच लावतो" म्हणू नका. फोनच्या स्पीकरवर जुनी गाणी लावून टेकडी चढणाऱ्या काकांबद्दल मला वेगळं लिहायचंय. काका, तुमची आवड उत्तम आहे हो. पण सकाळी सहाला ती मोरालाही ऐकवायलाच हवी का?

माझ्या या सगळ्या तत्त्वज्ञानाला घरातच एक सणसणीत उत्तर मिळालं, तेही सांगायला हवं. बायको म्हणाली, "तुला अंधारात एकट्याला फोनशिवाय टेकडीवर जायला परवडतं. मला नाही." यावर माझ्याकडे वाद नाही. पोटात कळ आली, पाय मुरगळला, कुणी मागे लागलं, तर फोन हवाच. ती कमरेच्या पट्ट्यात फोन ठेवते, मागच्या बाजूला, आवाज बंद करून. माझा मुद्दा एवढाच की मदतीसाठीचा फोन हा अग्निशामक नळकांड्यासारखा असावा, जागेवर आणि हात न लावलेला. गाणी त्यातून वाजायला लागली की तो नळकांडं राहत नाही. तेव्हा तिच्याकडेही गाण्यांसाठी वेगळं यंत्र आहे. मीही हल्ली घरातला एक जुना बटणांचा फोन बरोबर ठेवतो. तो नंबर चारच लोकांना माहीत आहे, आणि ऑफिसातलं त्यात कुणी नाही.

तर घ्यायचं काय? सध्या माझ्याकडे सँडिस्कचा क्लिप प्लस आहे, २००९ चं मॉडेल, जुन्या मालातून मिळवलेला. काडेपेटीएवढा, मागे क्लिप, मायक्रोएसडी कार्डाची खाच. त्यावर मी रॉकबॉक्स घातलंय. हे मुक्त फर्मवेअर २००१ च्या सुमारास आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झालं, आणि कर्लवाला डॅनियल स्टेनबर्ग त्याच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. त्यात सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणता येतो, म्हणजे एखादं हळू रेकॉर्ड केलेलं गाणं लागलं म्हणून आवाज चढवायला नको. गाण्याचा सूर न बदलता वेग वाढवता येतो. स्क्रीन आहे, पण इतका दरिद्री की बघावासा वाटत नाही. फाइल कॉपी करायची, बस. शफलला तेवढंही जमायचं नाही, आयट्यून्स नको असेल तर त्याचा डेटाबेस बनवायला पायथन स्क्रिप्ट शोधावी लागायची.

जुनं शोधायची खटपट नको असेल तर तपकीर गल्लीत चौकशी करा, शफलची नक्कल केलेले बिननावाचे प्लेअर स्वस्तात मिळतात. कार्ड आपलं घालायचं. दर्जा नशिबावर. पण हरवला तर जीव जळत नाही, आणि पावसाळ्यात हा मोठा गुण आहे. पोहणाऱ्यांना तर पर्यायच नाही. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी पिऊन टाकतं, फोन काठावर ठेवून भागत नाही. म्हणून शॉक्सच्या ओपनस्विममध्ये ४ जीबी मेमरी आतच आहे आणि केबलने एमपीथ्री भरायच्या. धावणाऱ्यांनीही हाच घ्यावा असं मी सुचवीन, बजेट असेल तर. गार्मिनची गाणी साठवणारी घड्याळं २०१८ पासून आहेत, चांगलीही आहेत, पण किंमत ऐकूनच हृदयाचे ठोके वाढतात, आणि मनगटावर पुन्हा स्क्रीन आलाच. घेतलंत तर फोनशी जोडू नका.

४ जीबी कमी वाटतात? १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे जवळपास सत्तर तास. खरं सांगायचं तर मी तीच चाळीसेक गाणी फिरवून ऐकतो. धापा टाकताना आणि वारा कानात घुसताना लॉसलेस फाइलमधला फरक कळतो असं म्हणणाऱ्या माणसाला मला एकदा तळजाईच्या चढावर भेटायचंय. आणि या फाइल माझ्या आहेत. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं, लोकांना आपली कलेक्शन्स हलवत बसावी लागली. माझ्या कार्डावर बाबांच्या कॅसेटवरून मीच कॉम्प्युटरवर घेतलेले भीमसेनजींचे अभंग आहेत, मागे टेपची खरखर तशीच. वॉर्मअपला ते. चढाला सैराटची गाणी. आणि शेवटच्या किलोमीटरला आमच्या पेठेतल्या पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग, नुसता ढोल-ताशा. असली प्लेलिस्ट कुठलं अ‍ॅप सुचवणार?

शेवटचा एचबीएवनसी ५.९ आहे. शिट्टी अजून वाजते, डावीकडेच. त्या पोराने काल येऊन सांगितलं की त्याने ब्लूटूथचे बड्स घेतले, फोनला जोडायला. पहिल्याच रविवारी त्यातला एक कॅनॉल रोडच्या गटारात गेला. आता तो माझा जुना शफल मागतोय. त्याला सांगितलंय की बॅटरी गेलीय, पण उघडून बदलता येते का ते शनिवारी दोघं मिळून बघू. सोल्डरिंग गन त्याने आणायची.